क्वेसारांची दाट वस्ती

बंगळूर, ४ ऑगस्ट १९८६

ती. वनमालाताईस, लवूचा सा. न. वि. वि.

नोकरीच्या निवडीसाठी पवईला व्याख्यानाचं बोलावणं आलंय, २९ तारखेला. लागली तर सहा वर्षांनी घाटकोपरला रोज घरचं जेवण. विषय तोच, क्वेसार. म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांचे झगझगीत गाभे. ते कुठे दाट, कुठे विरळ हे मोजलं की विश्वाची ठेवण कळते. निरनिराळ्या वेधशाळांच्या याद्या जोडून मी नकाशा काढला, तर एका कोपऱ्यात त्यांची प्रचंड दाट वस्ती सापडली. तेव्हापासून तुझा भाऊ आरशासमोर व्याख्यान देतो. आरशाला अजून शंका आलेली नाही. आईला कळव.

लोभ आहेच, नोकरी लागेपर्यंत जरा वाढव.
लवू

घाटकोपर, ११ ऑगस्ट

चि. लवूस अनेक आशीर्वाद.

आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलंय. मला त्यातलं काय कळतंय, पण एक विचारते. एक्याऐंशीच्या जनगणनेत आम्हा शिक्षिकांना घरं मोजायला पाठवलं होतं. मी टेकडी अर्धीच चढले. गुडघे बोलू लागले, वर कोण राहणार म्हणून उतरले. माझ्या कागदावर पायथ्याशी ही गर्दी आणि वर शुकशुकाट. वर तीनशे झोपड्या निघाल्या, मला पुन्हा चढावं लागलं. तुझ्या वेधशाळांनी सगळं आकाश सारखंच पाहिलंय ना रे? की त्यांचेही गुडघे माझ्यासारखेच?

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि ताईवर रागावू नकोस.
वनमाला

बंगळूर, ३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून याद्या पुन्हा काढल्या. माझा तो कोपरा चार वेधशाळांनी बारकाईने धुंडाळलेला. बाकी आकाशाकडे कुणी धड पाहिलेलंच नाही. मी तीन वर्षं क्वेसारांची नव्हे, दुर्बिणींची गर्दी मोजत होतो. तुझ्या चौथीच्या वर्गानेही मला पकडलं असतं.

गप्प बसावंसं फार वाटलं. नकाशा दिसायला झकास होता आणि पवईच्या निवड समितीत कुणी याद्या उघडून पाहणार नव्हतं. तरी उभा राहिलो आणि नकाशा चुकलाय हे आधीच सांगून टाकलं. चूक कुणी काढली असं विचारलं, तेव्हा घाटकोपरच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बहिणीने, असं सांगितलं. दिवसभरात तेवढं एकच वाक्य न अडखळता बोललो.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. आईला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून घरी न येता तसाच परतलो. क्षमा कर.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
लवू

घाटकोपर, ९ सप्टेंबर

चि. लवूस आशीर्वाद.

आईला सगळं वाचून दाखवलं. नोकरी गेल्याचं तिला फारसं वाटलं नाही. तू पवईपर्यंत येऊन परत गेलास हे ऐकल्यावर मात्र ती उठून आत गेली. मलाही वाईट वाटलं, ते लपवत नाही.

पवईहून घाटकोपरला यायला नोकरी लागत नाही, लवू.

तुझीच,
वनमाला