लेन्सकडे बघणारी माणसं

४ मार्च
पोहोचलो एकदाचे! खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून नदीवरचा पूल आणि घड्याळाचा मनोरा दिसतो. माझी लेक ठमी, वय वर्षं सात आणि तोंड वर्षं सत्तर, हिने आल्या आल्या खिडकीजवळची खाट बळकावली. सामान लावायला मदत शून्य, सूचना मात्र शंभर. उद्यापासून शहराच्या दफ्तरखान्यात फोटोग्राफर म्हणून रुजू व्हायचं. रोजचं जगणं, सण, जुन्या इमारती, सगळं टिपायचं आणि तेही फिल्मवर. भटकणं हेच काम! मला आणखी काय हवं?

५ मार्च
दफ्तरखाना तळघरात आहे. एक डार्करूम, एक गळका नळ, आणि दोरीवर चिमट्यांना लावून वाळत घातलेल्या फिल्म. सगळं सांभाळणारे काका तीस वर्षं इथेच आहेत. उन्हाळ्यातही स्वेटर. हसू मात्र जपून वापरतात. शाळा सुटल्यावर ठमी इथेच येऊन बसणार म्हटल्यावर त्यांनी तिच्यासाठी खिडकीखाली स्टूल मांडलं आणि खिशातून लिमलेटची गोळी काढली.

मग त्यांनी इथली एक रीत शिकवली. फिल्म धुऊन झाली की प्रत्येक चौकट भिंगाखाली बघायची. कोणी थेट लेन्सकडे बघत असेल, तर सुईने त्याचे डोळे खरवडून टाकायचे, सूर्य मावळायच्या आत. का, असं विचारलं, तर म्हणाले की आधीचे करायचे म्हणून आपणही करतो. तीस वर्षांचं शहर आणि कोणाला डोळेच नाहीत! नोकरी नवी म्हणून मी वाद घातला नाही, पण मनातून चिडले.

९ मार्च
आज पुलावरच्या छत्रीवाल्या आजोबांचा फोटो मिळाला. मोडक्या छत्र्यांच्या ढिगात बसून त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. इतका जिवंत चेहरा मी वर्षानुवर्षं काढला नव्हता. त्याला सुई लावायची? माझ्याच्याने झालं नाही. काकांची नजर चुकवून फिल्मची ती पट्टी कापून या वहीत ठेवली.

१० मार्च
पुलावर आजोबा नव्हते. शेजारी बसणारा किल्लीवाला म्हणाला की अठरा वर्षं तो इथे बसतो, छत्र्या दुरुस्त करणारं कोणी कधी पाहिलं नाही. चेष्टा करतोय असं वाटलं. पण तो चेष्टा करत नव्हता.

११ मार्च
काकांना आडून आडून विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, नजर तशीच राहिली की माणूस फोटोतच राहतो, आणि मग इथलं कोणी त्याला ओळखत नाही. एखादी चौकट ठेवलीत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

१४ मार्च
शहराचा वर्धापनदिन. मनोऱ्याच्या चौकात ही गर्दी. दफ्तरखाना बंद, काका बहिणीकडे गेलेले, किल्ली माझ्याकडे. ठमी फुगा घेऊन पायऱ्यांवर बसली. मी तिला बजावलं होतं, फुग्याकडेच बघ. बटण दाबलं त्याच क्षणी तिने "आई!" म्हणून हाक मारली आणि लेन्सकडे बघून हसली.

चार वाजता फिल्म धुतली. निगेटिव्हमध्ये तिचे काळे केस पांढरे दिसत होते, पडलेल्या दाताची जागा काळ्याऐवजी पांढरी. सुई हातात घेतली. पोटच्या पोरीच्या डोळ्यांत सुई. दोनदा टेकवली, दोनदा मागे घेतली. हा सगळा वेडेपणा आहे, असं स्वतःला समजावत राहिले, तोवर ऊन गेलं.

आता ती झोपली आहे, मस्त घोरते आहे. मला फार भीती वाटते. तिचा हात सोडणार नाही.

१५ मार्च
हात रिकामा.

पाच मिनिटं डोळा लागला असेल. खिडकीजवळ खाटच नाही. कपडे नाहीत, दप्तर नाही. शाळेत म्हणाले, या नावाची मुलगी नाही. घरमालकीणबाई पाणी घेऊन आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या की अहो, तुम्ही तर एकट्याच आलात ना इथे. मी त्यांच्या अंगावर ओरडले.

१६ मार्च
काकांना सगळं सांगितलं. रोज तिला गोळी द्यायचे, तरी त्यांनी विचारलं, कोण ठमी? पण विश्वास ठेवला. खिशातल्या गोळ्यांकडे बघत बसले.

मी निगेटिव्ह काढली, सुई उचलली. त्यांनी मनगट धरलं.

"आता नको, बाई. आता ते तिला दुखेल."

भिंगातून बघितलं. परवा पायऱ्यांवर माणसंच माणसं होती. आता कोणी नाही. ती एकटी. हसत नाहीये.

१७ मार्च, सकाळ
पुन्हा भिंगातून बघितलं. ती रडते आहे. फुगा गेलाय. अजून लेन्सकडेच बघते आहे— माझी वाट—

सकाळी तिचं नाव आठवेना. वहीत शोधावं लागलं. स्वतःच्या लेकीचं नाव. उद्या वही वाचून मी म्हणेन, ही कोण मुलगी— नाही. उद्यापर्यंत थांबणार नाही.

१७ मार्च, संध्याकाळ
मनोऱ्याच्या पायऱ्या. कॅमेरा तिपाईवर, तीच जागा, तीच चौकट. काकांना सांगितलंय, ही फिल्म धुवा, पण सुई लावू नका. ते रडत होते. कोणासाठी, ते त्यांनाही कळत नव्हतं.

ऊन शेवटच्या पायरीवर आलंय. नाव हातावर लिहिलंय. ठमी. ठमी. भीती वाटते— तिलाही वाटत असेल, तीन दिवस एकटी—

टायमर लावला. दिवा लुकलुकतोय. आले गं बाळा, रडू नको, ही बघ मी, लेन्सकडेच बघते आहे— जरा सरक, तुझ्या शेजारी—