हॉलमधला पिवळा उजेड

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण राहू दे. तुम्ही गेल्यापासून काही लिहावंसं वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण आज तुमचे हॅलोजन काढले.

लोहाऱ्याच्या या घरात पीओपीचं छत झालं तेव्हा किती मिरवलंत! स्वयंपाकघरात आईला एक मिणमिणता बल्ब, आणि हॉलमध्ये मात्र छतात बसवलेले हे छोटे दिवे. मला वाटलं, हौस असेल. मग मला पाहायला पहिले पाहुणे यायचे होते, त्या सकाळी तुम्ही पडदे लावून मला एकेका दिव्याखाली बसवून पाहिलंत. “इथं उजळ दिसते. इथंच बसजो.” आठवतं?

डोक्यावर नुसती भट्टी! घामानं पावडर ओघळायची, आणि पदर उडतो म्हणून तुम्ही पंखाही लावू द्यायचा नाहीत.

ढाणकीच्या मंडळींनी त्याच उजेडात पसंती दिली. लग्नानंतर सासूबाईंनी मला अंगणात निरखून पाहिलं. “माय वं! तिथं तं गोरी दिसे.” मग आल्यागेल्याला हेच सांगत राहिल्या. मी फोनवर रडले, तर तुम्ही म्हणालात, “लगन तं झालं ना?”

सासूबाईंवर राग नाही हो. त्यांनी दिसलं ते बोलून टाकलं. मला पहिल्यांदा नापसंत केलंत ते तुम्ही, बाबा.

आता दादाच्या सायलीला रविवारी पाहायला येताहेत. दोन हॅलोजन गेले होते. दादानं तिथं एलईडी आणून बसवले, तर ते लुकलुकायला लागले. वायरमन म्हणाला, “हॅलोजनच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर एलईडी नाही जमत ताई, तो बी काढाच लागते. सगळेच बदलून टाकू. पिवळे लावू का पांढरे?”

आई म्हणाली, “पिवळेच लाव बाप्पा, पोरगी उजळ दिसते.” तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात! सायली मान खाली घालून उभी होती. रंगानं ती माझ्यावरच गेलीय.

मी म्हटलं, “पांढरे.” तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाहीये. बोलेल.

दिवसाउजेडी एकदा तरी ‘छान दिसतेस’ म्हणायला काय जात होतं तुमचं?

शब्द देते, रविवारी दार मी उघडणार. चहाच्या आधीच सांगणार, आमची पोरगी सावळी आहे आणि आम्हाला ती तशीच आवडते. आत सायलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणार.

तुमची,
माया