कढईतला अर्क

सोमवार, १३ फेब्रुवारी २००६

प्रयोगवहीतली माझी संक्रांतीच्या सुट्टीतली नोंद चुकीची आहे. 'डाळिंबाच्या सालींचा अर्क काचेच्या बीकरमध्ये उकळला' असं लिहिलंय. लॅब बंद होती म्हणून साली आणि बीकर मी आत्याकडे दिले होते. आज सहज बोलता बोलता कळलं – तिने लोखंडी कढईत उकळला! "काचेत कोण उकळतं गं? लोखंडाशिवाय रंग उतरतो का?" केसांना लावायला ती तसाच करते. झाऱ्याने तळ खरवडत. मग फडक्यातून गाळते.

त्याच अर्कात लोखंडाचे क्षार घालून आम्ही ती काळी भुकटी मिळवली. चुंबकाकडे धावणारी. गायधनी सर तेव्हा वर्गभर सांगत फिरले – "मातीतले जंतू अंगात चुंबकाचे कण घडवतात, भट्टी लागत नाही. आपण तेच सालींकडून करून घेतलं."

मंगळवार, १४ फेब्रुवारी

काचेत नवा अर्क केला. क्षार घातले. काळं झालं. चुंबक लावला – ढिम्म. पुन्हा केलं. तेच.

शेजारच्या टेबलावरून ज्योत्स्ना – "तुझ्या चुंबकाचा आज उपास दिसतोय."

गुरुवार, १६ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. ते पुण्यातल्या परिषदेचा पेपर तपासत होते. त्यावर पहिलं नाव माझं. "कढईचं कोण विचारतंय? एकदा आलं ना? मग आलं."

मी 'हो सर' म्हणाले. का म्हणाले?

चौथीपर्यंत आत्यानेच मला घरी शिकवलं. चुकलेलं गणित पुसू द्यायची नाही, त्याच्याच खाली बरोबर करून घ्यायची. 'हो सर' कसं दुरुस्त करतात, ते नाही शिकवलं.

सोमवार, २० फेब्रुवारी

आत्याने शेजारच्या सुलाबाईंना पेढे दिले. "माझ्या काढ्यावर पोरीनं शोध लावला." सुलाबाई म्हणाल्या, "मग तुझं नाव कुठंय त्यात?" दोघी हसत सुटल्या. मी पेढा खाल्ला.

बुधवार, २२ फेब्रुवारी

कढईतला उरलेला अर्क फ्रिजमध्ये सापडला. नुसता अर्क, त्यात आम्ही काहीच घातलेलं नाही. बाटलीला बाहेरून चुंबक लावला. आत काचेवर काळी मिशी उभी राहिली.

आम्ही काही घडवलंच नव्हतं. कढईचा तळ होता तो.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

सरांचा फोन – त्यांना परीक्षेचं काम निघालंय, पुण्याच्या परिषदेत पेपर मीच वाचायचा. बाटली पिशवीत ठेवली. शनिवारी, २५ तारखेला, पहिलं वाक्य कढईचं.