निळ्या कोटाबद्दल थोडंसं

प्रिय ओदीलताईस,

धाकट्या झिनेतकडून दोन्ही गालांवर एकेक पापा. (तुमच्या ब्रेस्तला म्हणे एकाच गालावर भागवतात. तू तिकडे जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला तो अजून कंजूषपणाच वाटतो.) तुझी पाठ कशी आहे? समुद्राची हवा मानवते का? इकडे सगळे ठीक. नवरोबा गास्तोंचा रक्तदाब आणि आमची मांजर दोन्ही ताब्यात आहेत. म्हणजे मांजर नाही, पण लिहायला बरं दिसतं. कामाचं आधी सांगून टाकते, नाहीतर माझं पत्र म्हणजे तुला माहीतच आहे. तुझा तो मोठ्या बटणांचा निळा कोट मला हवा आहे. एप्रिलात आंगुलेमच्या कामगार न्यायालयात जायचं आहे आणि माझे कोट घालून गेले तर न्यायाधीश मला कांदे विकायला आलेली समजतील. घाबरू नकोस, मी काही केलेलं नाही. म्हणजे केलंय, पण टेबलाखाली बसून केलंय.

तू सोडलास तेव्हापासून आपला सपातांचा कारखाना काडीचाही बदललेला नाही. तोच गोंदाचा वास, तीच खोकणारी कॉफीची यंत्रं, आणि तेच मालक, मस्यो वोग्लाद, आपल्याच कारखान्यातल्या मऊ नमद्याच्या सपाता घालून दिवसभर फिरणारे. (पाहुण्यांना सांगतात, मालावर प्रेम आहे. प्रेम कसलं डोंबल, पावलांचा आवाज होत नाही म्हणून. तू शिवणयंत्रावर वाकलेली असतेस आणि मानेवर कुणाचातरी श्वास येतो.) मी माल रवाना करायच्या शेडमध्ये. तिथे इतकी थंडी असते की ते येत नाहीत, म्हणून कारखान्यात सगळ्यात सुखी मीच.

आता माएलबद्दल. तू तिला ओळखत नाहीस. नमुने काढणाऱ्या टेबलावरची मुलगी, वय कोवळं, हात सोन्याचा, तोंड त्याहून तिखट. मागच्या वर्षी जानेवारीत कारखान्याची गालेत, राजाच्या सणाची ती बदामाच्या सारणाची गोल पोळी, कापली तेव्हा दरवर्षीप्रमाणे आत दडवलेली चिनीमातीची बाहुली मालकांच्याच तुकड्यात निघाली, आणि बाहुली ज्याची तो राजा म्हणून दरवर्षीप्रमाणे त्यांनी कागदी मुकुट घातला आणि राणी म्हणून माएलला निवडलं. पापा घेतला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. पण यांचं राज्य काही संपेना! रोज 'राणीसरकार, जरा केबिनमध्ये या', रोज पाठीवर हात, रविवारीसुद्धा फोनवर संदेश. एक दिवस तिने सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "मस्यो, मुकुट कागदाचा होता आणि तो मी कधीच चुलीत टाकलाय." त्या आठवड्यात तिचं टेबल हललं. मागच्या गोंदाच्या खोलीत, एकटीला. मग लोक तिच्याबरोबर कॉफी प्यायचे थांबले. मग म्हणू लागले, पोरीला गंमत कळत नाही. शरद संपेपर्यंत ती आजारी रजेवर गेली होती, आणि तिथून तिने न्यायालयात तक्रार केली. साक्षीदार एकही नाही. हरली तर नोकरी जाईलच, पण खोटारडी म्हणून नाव होईल आणि आपल्या एवढ्याशा गावात ते आयुष्यभर पुरेल. मला तिची इतकी काळजी लागली होती की मी दोनदा चुकीच्या मापाच्या सपाता बेल्जियमला पाठवल्या.

तर यंदाची गालेत. सगळ्यात धाकट्याने टेबलाखाली बसायचं, वर सुरी एकेका तुकड्यावर टेकली की खालून नाव पुकारायचं, म्हणजे पक्षपात नको. पण धाकटी माएल रजेवर, आणि नवीन भरती तर मालक करत नाहीत. शोधता शोधता सगळ्यात धाकटं कोण निघालं असेल? मी! केस पांढरे, गुडघे सरकारजमा, आणि मी धाकटी! ताई, मला टेबलाखाली घालायला दोघांनी ढकललं आणि एकाने ओढलं. वर कुणीतरी म्हणालं, "सुरी जपून चालवा, खाली झिनेत आहे, तिच्यात बदामाचं सारण जास्त आहे." मी उत्तर देणार होते, पण हनुवटी गुडघ्यात होती.

खाली सगळे पाय. वरून लोक हसत होते आणि खाली एकही पाय हसत नव्हता. सुरी प्रुवोबाईंच्या हातात, दरवर्षीप्रमाणे. (मालकांची सेक्रेटरी. इस्त्री केलेली बाई. आपण सगळे तिला मालकांचा उजवा हात म्हणायचो.) मालकांची ती मऊ सपात हळूच सरकत प्रुवोबाईंच्या पायाकडे गेली. त्यांनी पाय मागे घेतला. सपात मागोमाग. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीमागे एकात एक गुंतवून टाकले, एखादी पोर लपते तसे. आणि तशाच अवस्थेत वर शांतपणे सुरी चालली होती! मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं ही बाई अशी कापत होती.

मग दोनदा ठक ठक झालं. सुरीची मूठ ताटलीवर. ही खूण म्हणजे बाहुलीचा तुकडा आला, आता मालकांचं नाव घे. मला आधीच पढवून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "हा गैरहजर माणसाचा वाटा! माएलचा!"

ताई, नियमाला धरून होतं की नाही, सांग. आपल्या आईने एक तरी गालेत गैरहजराचा वाटा न काढता कापली होती का? वर कॉफीच्या यंत्राचा खोकला तेवढा ऐकू आला. मालक हसून म्हणाले, "जो नाही, तो खातही नाही," आणि त्यांनी तुकडा उचलून सरळ चावला. कड्ड असा आवाज झाला. बाहुली शाबूत, समोरचा दात गेला. (बाहुली बदकाच्या आकाराची होती. बदकालाही मी नमस्कार केला.) टाळ्या वाजवायच्या की डॉक्टरला बोलवायचं हे कुणाला कळेना. मला तर बाहेर काढायचंसुद्धा सगळे विसरले. शेवटी प्रुवोबाई खाली वाकल्या, त्यांनी मला हात दिला आणि पुटपुटल्या, "झिनेत, उरलेला तुकडा रुमालात बांध. मुकुटपण घेऊन जा."

मी तशीच माएलकडे गेले. पोरगी वाळून काटकी झालीय. तिने मुकुट घातला, बदक तळहातावर घेतलं, आणि कित्येक महिन्यांनी हसली. म्हणाली, "राणीची आज्ञा मोडता येत नाही ना? मग झिनेतमावशी, तुम्ही माझ्या साक्षीदार." मी हो म्हणाले. एकदा हो म्हणजे हो.

आणि आता रोज काहीतरी चांगलं होतंय. लहान बाळांच्या सपातांत आपण घुंगरू घालतो ना, तसा एक कुणीतरी मालकांच्या सपातेच्या तळात शिवून टाकला. दोन दिवस ते छुम छुम करत हिंडले आणि त्यांना पत्ता लागला नाही, कारण कान तसेही अधू. बायका आवाज आला की नुसत्या मान वर करून बघायच्या. एवढ्यानेच ते वाट बदलायचे. (शिवण प्रुवोबाईंची होती. इतका सरळ टाका दुसऱ्या कुणाचा नाही.) प्रुवोबाईही साक्ष देणार आहेत. लोक पुन्हा माएलला फोन करू लागलेत. माएलच्या वकीलबाईंनी पहिल्यांदाच 'कदाचित' हा शब्द बरा उच्चारला.

बाकी क्षेम. गास्तोंचा नमस्कार. बागेतले लीकचे कांदे थंडीने गेले.

तुझी, सगळ्यात धाकटी ठरलेली,
झिनेत

ता. क. वकीलबाई म्हणतात की वोग्लादांचे वकील सगळं माएलच्या डोक्यातलं खूळ ठरवतील. तिच्या आधीचं कुणी उभं राहिलं, तर तसं म्हणता येणार नाही.

ता. क. २. उपाहारगृहाच्या भिंतीवरचे राण्यांचे जुने फोटो प्रुवोबाईंनी उतरवून माझ्याकडे दिले. त्यात तू आहेस. डोक्यावर मुकुट, मालकांचा हात तुझ्या खांद्यावर, आणि तू फोटो काढणाऱ्याकडे न बघता दाराकडे बघते आहेस. त्याच वसंतात तू पाठ दुखते म्हणून नोकरी सोडलीस. मी तुझं नाव कुणालाही सांगितलेलं नाही आणि तू म्हणशील तोवर सांगणार नाही. पण ताई, मी आता टेबलाखालून बघून आले आहे. तुझी पाठ कधीच दुखत नव्हती.

ता. क. ३. तो निळा कोट मला लग्नाआधीसुद्धा कधी बसला नव्हता, हे तुलाही ठाऊक आहे. पोस्टाने पाठवू नकोस. अंगात घालून ये.