चैत्रालीची शपथ

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर डोके ठेवून लिहितो. आम्ही टोकियोत खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

चैत्रालीच्या वर्गात अँड्र्यू जॉन्सन या जुन्या अमेरिकन अध्यक्षाला पदावरून काढण्याचा लुटूपुटूचा खटला झाला. मुलेच न्यायाधीश. निःपक्षपातीपणाची शपथ सगळ्यांनी हसत घेतली, तुझ्या नातीने बूट काढून.

आरोप मांडणारी तिची जिवलग मैत्रीण युका. तिने चैत्रालीला विचारले, "मत मलाच ना?"

"पुरावा पटला तर."

चैत्रालीच्या एका मताने अध्यक्ष सुटला. युकाने बोलणे टाकले आहे. चैत्रालीचा डबा तसाच परत येतो.

काल विचारत होती, "बाबा, खेळातली शपथ मोडली तर चालते?"

मी नाही म्हणालो. ती रडली.

रविवारी फोनवर तिला काही समजावू नकोस, आई. नुसती हाक मार.

तुझा,
गुणवंत