ईरप्पाच्या बाजूचा बांध

५ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाले, महिपतराव, बीपी वाढलंय, राग सोडा. सोडला. आजपासून मी शांत माणूस. तसा मूळचा शांतच आहे. लोक मध्ये येतात.

शेताचा प्लॅन पक्का केला. उत्तरेला, रस्त्याच्या कडेनं 'लेक पॅराडाइज' नावाची कॉलनी उठतेय. लेक म्हणजे आमच्या गावचा पाझर तलाव. होळीला त्यात पोरं क्रिकेट खेळतात. आज ना उद्या बिल्डर माझ्या दारात येणार. मी विकणार नाही, पण रान रुंद असलं की नकाराला वजन येतं. तेव्हा उत्तरेला इंचभर सोडायचं नाही आणि दक्षिणेला, ईरप्पाच्या बाजूला, थोडं वाढायचं. हे अतिक्रमण नव्हे. आजोबांच्या वेळी बांध तिकडेच होता. त्यांनी मला तसं नक्की सांगितलं असतं, पण मी जन्मायच्या आधीच ते गेले.

७ ऑक्टोबर, सकाळ
पेरणीआधीची पाळी घातली. ट्रॅक्टर मीच चालवला. बार्शी डेपोला आयुष्यभर एसटी चालवली. टर्न घेताना गाडी थोडी बाहेर जातेच. फाळ बांधात फूटभर गेला.

ईरप्पा धावत आला. "येन रे मगने" वगैरे कन्नड शिव्यांनी सुरुवात केली. मी शांतपणे म्हणालो, वळताना झालं. तो म्हणाला, दर वर्षी वळतानाच कसं हुतंय? मग त्यानं ढेकूळ मारलं. मी ट्रॅक्टरवरून उतरून त्याला ढकललं. फक्त ढकललं. तो पडला, उठला आणि माझ्या कानाला चावला. त्याचा दात हलला. त्यात माझ्या कानाचा काय दोष?

संध्याकाळ
कानाला टाके. दवाखान्यात बाक एकच. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दात धरून ईरप्पा. कंपाउंडर म्हणाला, हितं भांडू नका. आम्ही दोघंही त्याच्यावर ओरडलो.

बायको वैजयंती म्हणते, डॉक्टरनी राग सोडायला सांगितलं होतं ना? तिला सांगितलं, राग अजिबात आला नव्हता. शांत डोक्यानंच मारलं.

२ नोव्हेंबर
कॉलनीचा जेसीबी माझ्या उत्तरेच्या बांधाला येऊन उभा. त्यांचा साइट मॅनेजर सोमेश. काळा चष्मा, पांढरे बूट. म्हणाला, काका, टेन्शन घेऊ नका. तेव्हाच टेन्शन आलं.

अहिंसा ठरवली. जेसीबीच्या बकेटमध्ये जाऊन बसलो. वाटलं, आता हा खोदणार कसा? ऑपरेटरनं बकेट वर उचलली, इंजिन बंद केलं आणि चहाला गेला. वरून आमचं रान छान दिसतं. ईरप्पाचंही दिसतं. तो त्याच्या रानात उभा राहून हसत होता. एवढा हसला की खाली बसला.

खाली आल्यावर ऑपरेटरच्या पाठीत दगड घातला. छोटा होता. अहिंसा बकेटमध्ये असेपर्यंतच ठरवली होती.

१८ डिसेंबर
ज्वारी दाण्यात आलीय. माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकतो. कॉलनीच्या पहिल्या बिल्डिंगीत लोक राहायला आलेत. त्यातले काही रानात घुसून फोटो काढायला लागले. एका बाईनं चार कणसं मोडली आणि विचारलं, काका, हुरड्याचं पॅकेज असतं का?

इशारा म्हणून गोफण हवेत फिरवली. दगड सुटला. तिसऱ्या मजल्याची काच गेली. कुणाला लागलं नाही, एका म्हाताऱ्याच्या चहात काच पडली म्हणे. एवढ्यावर पोलीस.

चौकीत ईरप्पा आधीच हजर. बांधाची तक्रार घेऊन आला होता, माझ्याच नावानं. हवालदारानं त्याला विचारलं, ह्यानं नेम धरून काच फोडली असंल का? ईरप्पा म्हणाला, "ह्यो? नेम? तीस वर्सं मला दगडं मारतोय साहेब, एक बी नीट लागला न्हाय. काच चुकून फुटली असंल." हवालदार हसला आणि दम देऊन सोडलं.

भर चौकीत इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता. बाहेर आल्यावर त्याच्या सायकलची हवा सोडली.

३ जानेवारी
आज वही तीनदा उघडून मिटली. थंडी आहे.

सकाळी जेसीबीनं भिंतीचा पाया खोदायला घेतला. माझ्या बांधाची माती चारीत पडायला लागली. कुऱ्हाडीचा दांडा घेऊन गेलो. समोरची काच फोडली. ऑपरेटर पाना घेऊन उतरला. त्याच्या गुडघ्यावर एक दिला. त्याचा पाना माझ्या बरगडीत. तेवढ्यात मागून पायांचा आवाज आला. ईरप्पा काठी उगारून, ओरडत येत होता. मी समोर अडकलोय हे बघून मागून हल्ला. जुना डाव. वळलो आणि पूर्ण ताकदीनं दांडा डोक्यात घातला.

तो पडला, पण या वेळी उठला नाही. रक्त बरंच आलं. ऑपरेटर पाना टाकून पळाला. मी ईरप्पाला म्हणालो, ऊठ की. ऊठ म्हणतो ना. सोमेशच्याच गाडीतून सोलापूरला नेलं.

वैजयंतीला माहेरपासून कन्नड येतं. ती तेव्हा वैरणीला आली होती. म्हणाली, तो ओरडत होता, महिपती, त्याला समोरून धर, मी मागून येतो.

आता घाईत कन्नड कसं समजणार?

९ जानेवारी
दवाखान्यात गेलो. भेटायला नव्हे. शत्रूची परिस्थिती बघायला. सोबत भाकरी आणि शेंगाचटणी होती, घरात उरलेली. वैजयंती म्हणाली, उरलेली न्हाय, तुम्ही पहाटं उठून मला करायला लावली. असू दे.

त्याची बायको मल्लव्वा दारातच होती. तिनं थर्मास उचलून माझ्या तोंडावर मारला. चांगला नेम. ओठ फाटला. मी काही केलं नाही, कारण मी शांत माणूस आहे. नंतर डबा मात्र तिनं घेतला.

ईरप्पाचं डोकं पांढऱ्या पट्टीत. डावा हात उचलत नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "खा आता सगळा बांध." आवाज बारीक आला.

पोलिसांना म्हणे त्यानं सांगितलं, चारीत पाय घसरून पडलो. यात त्याचा काय डाव आहे, शोधतोय.

२३ जानेवारी
संधी साधायची हीच वेळ. फावड्यानं दक्षिणेचा बांध कोरायला घेतला. कुणी आलं नाही. मोठ्यानं खोकलो. गाणं म्हटलं. उन्हं डोक्यावर येईपर्यंत थांबलो. एकट्यानं बांध कोरण्यात दम नाही. कोरलेली माती परत लावली. म्हणजे पुन्हा कोरायची, तो आल्यावर.

१५ फेब्रुवारी
ईरप्पा आला, पण टेम्पो घेऊन. रान लेक पॅराडाइजला दिलं म्हणे. अक्कलकोटला मुलाकडे चाललाय. मंजुनाथचं तिथं दुकान आहे.

मी ओरडलो, मला न इचारता कसं इकलंस? तो टेम्पोत डाव्या हाताला उजव्या हातानं धरून बसला होता. म्हणाला, "तुज्याशी भांडायला दोन हात लागत्यात, महिपती."

मल्लव्वानं माझ्याकडे बघितलं नाही. मी टेम्पोच्या टायरला लाथ मारली. ड्रायव्हर उतरून मला मारणार होता. ईरप्पा म्हणाला, सोड त्याला, तसाच हाय तो.

माझं काय चुकलं, याचा रात्री विचार करणार होतो. झोप लागली.

१० मार्च
मोजणी झाली. जुना बांध होता तिथंच निघाला, इतक्या वर्षांत मी पलीकडे सरकलो होतो ते सगळं त्यांच्याकडे गेलं. दक्षिणेलाही भिंत उठली. आता माझं रान दोन भिंतींच्या मध्ये.

सोमेश भेटला. मी आधीच सांगून टाकलं, कितीही द्या, विकणार न्हाय. तो म्हणाला, नका विकू काका, आम्हाला नकोच आहे. बाल्कनीतून छान दिसतं. ब्रोशरमध्ये फार्म व्ह्यू लिहिलंय.

त्याची कॉलर धरली. त्यानं हळूच सोडवून घेतली आणि म्हणाला, बीपी सांभाळा.

२२ मार्च, सकाळ
दक्षिणेच्या भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजला. तरी आणखी दोन मारल्या. मग तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या, आधी मराठीतून, नंतर कन्नडमधून. आईबापापासून सुरुवात करून सगळं खानदान काढलं. धाप लागली तसा थांबलो. कान देऊन उभा राहिलो.

पलीकडून एका बाईचा आवाज आला, "काका, काही हवंय का?"

न्हाय म्हणालो.