चंदनच्या वजनाची हवा

शिरपूरच्या वरचा डोंगर
रविवार, १२ जानेवारी

चि. चंदन,

आबाचा आशीर्वाद. पोचलो. सायकलीला ओरखडासुद्धा नाही. हे आधी लिहितो, कारण तू आधी तेच विचारशील. बाप धड पोचला की नाही, ते मागून.

इथे रेंज नाही आणि तुझा फोन तर दिवाळीपासून कपाटात बंद पडलाय, म्हणून हा कागद. सुकलाल नावाचा जीपवाला आमच्या सायकली डोंगरावर चढवतो आणि भाजीपाला आणायला रोज शिरपूरला जातो. तो स्पीड पोस्टाने टाकेल.

धुळ्याला गाडी बदलताना थोडं काम निघालं, त्यात वेळ गेला. इथे आलो तर सगळी मंडळी ताटकळलेली. सायकलवरून डोंगर उतरायला शिकवणारी ती शीतल, जिच्याशी तू फोनवर बोलायचास, तिने माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "काका, चंदन कुठाय?" म्हटलं, त्याच्या जागेवर मीच आलोय. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग सांगावं लागलं, की शेडचे पत्रे बदलताना पडला, पाठीला लागलं, अंथरुणावर आहे आणि त्यानेच पाठवलंय. पोरीने मला वरून खाली न्याहाळलं. मग म्हणते, "काका, सायकल येते ना?" आता बोल! कॅरिअरला दोन्हीकडून दुधाचे कॅन लटकवून ज्याने बोदवड स्टेशनावर वर्षानुवर्षं दूध घातलं, त्याला ही विचारते सायकल येते का! म्हटलं, बाई, चढावर येते, सपाटीवर येते, उताराचं तेवढं तू बघ.

खरं सांगू का, मला इथे काय कळणार होतं? पण तू पडल्यापासून भिंतीकडे तोंड करून होतास. आईशी नाही, बहिणीशी, मयुरीशी नाही, कुणाशीच बोलणं नाही. आणि परवा एकदम म्हणालास, "आबा, शिबिराला तुम्ही जा. सगळं शिकून या आणि मला सांगा." तू चंद्रावर जा म्हणाला असतास तरी मी पिशवी भरली असती. तुझी आई म्हणाली, "वेचणी सुरू शे, ते मी पाहीन, तुम्ही जा. पोरगं बोललं माझं." कापूस पांढरा पडलाय शेतात आणि मी इथे गुडघ्याला, कोपराला, छातीला चिलखत बांधून उभा आहे. डोक्यावर तोंड झाकणारं शिरस्त्राण. स्वयंपाक करणाऱ्या गुंताबाई, म्हणजे शीतलची आई, त्यांनी मला पाहून पदर तोंडाला लावला तो अजून काढला नाही.

बाकी सगळी पोरं विशीच्या आतबाहेरची. धुळ्याची डिंपल म्हणून एक कॉलेजातली आहे, ती मला 'हिरो अंकल' म्हणते. म्हणू दे.

एक गोष्ट. संध्याकाळी शीतलने सगळ्यांच्या सायकली तपासल्या. तुझ्या सायकलीवर मला बसवलं, शॉकअप किती दबतो ते पाहिलं आणि मान हलवली. म्हणाली, यातली हवा बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते, ही तुमच्यापेक्षा पंधराएक किलो हलक्या माणसासाठी भरलेली आहे, तुमच्यासाठी वाढवावी लागेल. मी नको म्हटलं. गाडी दुसऱ्याची आहे, जशी आणली तशी परत द्यायची आहे. तू स्वतःच्या हाताने, पंपाच्या काट्याला डोळा लावून भरलेली हवा आहे ती. मी पाहिलं होतं तुला.

मी निघताना तू विचारलंस, जळगावचे डॉक्टर पायांचा व्यायाम कधीपासून म्हणाले. ते मी आल्यावर निवांत बोलू. पाठ दुखली तर आईला सांग. दात आवळून पडू नको.

तुझा,
आबा


बुधवार, १५ जानेवारी

चि. चंदन,

काल संक्रांत झाली. गुंताबाईंनी तिळाचे लाडू दिले. कागदातून पाठवता येत नाहीत, तेव्हा तुझ्या वाटणीचा मीच खाल्ला. गोड बोल. निदान आईशी तरी.

तू शिकून यायला सांगितलंस, म्हणून जे शिकलो ते लिहितो. उतारावर सीटवर बसायचं नाही. सीट पार खाली आणि आपण पेडलवर उभे, गुडघे वाकलेले, टाचा खाली, कोपरं बाहेर. ब्रेकवर एकच बोट. मी चारही बोटांनी आवळायचो, तर सायकल जागच्या जागी अडायची आणि मी पुढे जायचो. वळणाच्या आत ब्रेक लावायचा नाही, वळणाच्या आधीच काय ते उरकायचं. आणि नजर चाकाकडे नाही, जिथे जायचंय तिथे. हे शेवटचं काही मला जमत नाही. दगड दिसला की मी दगडाकडेच बघतो आणि मग दगडावरच जातो. सोमवारी घाणेरीच्या झुडपात आडवा झालो. सुकलाल खाली जीप लावून बसला होता, तिथून ओरडला नाही तर काय! "आबा, बठ्ठा पोऱ्या उतरी ग्यात, तुमीच राही ग्यात!" सगळी पोरं उतरली म्हणे, मीच राहिलो. लाज सोडली आहे मी. कुठे काही मोडलं नाही. कोपर खरचटलं, त्याला हळद लावली.

पण मला पडण्याचं काही वाटत नाही रे. वर उभं राहण्याचं वाटतं. एकेक पोर सोडतात. पहिलं वळण घेतलं की दिसेनासं होतं. नुसते दगड घरंगळल्याचे आवाज येतात, मग तेही बंद. मग खालून शिट्टी वाजते, म्हणजे पोचला. त्या मधल्या वेळात वरच्या माणसाच्या हातात काही म्हणता काही नसतं. काल डिंपलची शिट्टी आली नाही. मी सायकल टाकून धावत सुटलो, अंगावर ते सगळं चिलखत, निम्म्या वाटेत धाप लागली. पाहतो तर बाई चेन बसवत बसल्या आहेत. मी तिला अशी झापली, अशी झापली, की तिचे डोळे भरले. परक्याची पोर. मग मीच माफी मागितली. "तुमच्या घरी कोण सायकल चालवतं, अंकल?" म्हणाली. मी म्हटलं, चालवतो एक.

दर रविवारी तू गेलास की तुझी आई फाटकाशी उभी राहायची आणि मी तिला हसायचो. आता नाही हसणार.

आता तुझा राग येईल असं लिहितो. हवेचं. प्रत्येक दगडावर तुझी सायकल तळाला आपटत होती. ठक्क करून आवाज यायचा आणि हँडल हातातून सुटायला बघायचं. काल शीतल पंप घेऊन आलीच. म्हणाली, "काका, सायकल चंदनची आहे, कबूल. पण खाली तर तुम्ही उतरताय." मी ओरडलो तिच्यावर. हात लावायचा नाही म्हणून. सगळ्या पोरांदेखत. ती शांत होती. म्हणाली, "ज्याच्यासाठी भरलीय तो या आठवड्यात बसणार आहे का हिच्यावर?"

मी जीपच्या आड जाऊन उभा राहिलो. सुकलालने तंबाखूची डबी पुढे केली. मी तंबाखू खात नाही हे त्याला माहीत आहे, तरी केली.

आज सकाळी मीच तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, भर. तिने भरली. चार-पाच दाब, बस. लगेच फरक पडला, सायकल दगडांवरून हलकी निघते. शीतल म्हणाली, चंदनचा आकडा मला माहीत आहे, तो आला की दोन मिनिटांत परत तेवढी करून देईन. मी मान हलवली.

आज पुढचं लिहवत नाही. हात दुखतोय.

तुझा,
आबा


शनिवार, १८ जानेवारी

चंदन,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. घरी येऊन तुझ्या हातात देईन.

काल संध्याकाळी शीतल शिरपूरहून आली ती धावतच आली. रेंजमध्ये गेल्यावर तिला तुझा निरोप मिळाला होता. 'आबांचं पत्र आलं. पुढच्या वर्षी माझी जागा ठेव. मी आणि आबा दोघं येऊ.' म्हणजे तू फोन उघडलास. माझं पत्र वाचून उघडलास! शीतल इतकी खुशीत होती, गुंताबाईंना हाका मारून सांगत होती. मला म्हणाली, "काका, लिहून घेऊ ना दोन नावं?"

तू हसावंस म्हणून मी लिहिलं, तू बोलावंस म्हणून लिहिलं. त्यातून तू हे काढशील, असं मला वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं, बाप आहे मी. माझ्याच हाताने तुला आणखी वर नेऊन उभं केलं.

चंदन, तुझे पाय परत येणार नाहीत.

आता लिहिलं. पेन खाली ठेवून बाहेर फिरून आलो आणि परत बसलोय.

जळगावच्या डॉक्टरांनी डिसेंबरातच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. कण्यातली नस तुटलीय, ती जुळत नाही, कमरेखाली काही परत येणार नाही. व्यायाम करायचा तो हातांचा आणि पाठीचा, खुर्चीवर नीट बसता यावं म्हणून. मला ते पटलं नाही. येताना धुळ्याला काम निघालं म्हणून लिहिलं ना, ते हेच काम. तुझ्या सगळ्या फिल्म घेऊन तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी उजेडाला धरून एकेक पाहिली. मी म्हटलं, साहेब, अजून एकदा बघा, पोरगा बावीसचा आहे. ते म्हणाले, "बघितलं, भाऊ." एवढंच. मग मी तुझी सायकल बसच्या टपावर चढवली आणि इकडे आलो. त्या दिवशीच परत फिरून तुला सांगायला हवं होतं. पण तू शिकून या म्हणाला होतास. एक आठवडा तरी तुझं ऐकू, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला घरीच यायचं नव्हतं.

तोंडाने सांगायचा प्रयत्न मी केला आहे. तुझ्या खाटेजवळ येऊन बसायचो, तू बघायचास, आणि माझ्या तोंडून 'जेवलास का' एवढंच निघायचं. तुला वाटत असेल, आबांना जेवणाशिवाय काही सुचत नाही.

सातपुड्याच्या अंगावरून उतरणारा पोरगा, आणि घरच्या शेडवरून पडावा! कुणाला दोष द्यायचा ते तरी कळलं असतं. पत्रा सडका होता म्हणावं तर तोच बदलायला तू चढला होतास. मी देवाला विचारलं, माझे पाय घे की. सत्तेचाळीस वर्षं वापरून झालेत, चिखल तुडवून झालाय, आता काय कामाचे. आज सकाळी त्याच पायांवर मी सगळा डोंगर उतरलो. वरपासून खालपर्यंत, कुठे न पडता. खाली पोरांनी टाळ्या वाजवल्या, डिंपलने शिट्टी मारली. मी सायकल आडवी टाकली आणि खाली बसून रडलो. ती पोरं बिचारी, त्यांना वाटलं आनंदाने.

शीतलला मी सगळं सांगितलं. तिने दोन नावांचं परत विचारलं नाही.

तुला धीर देणारं काहीतरी लिहावं म्हणून दुपारपासून कागद पुढे घेऊन बसलोय. सुचत नाही. हात चालतात, डोकं चालतं, अमुक करता येईल, तमुक करता येईल, असं डॉक्टर बरंच म्हणाले. असेल. ते मी तुला आज सांगणार नाही. आज सांगितलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, आणि तुझं बरोबर असेल.

तुझ्या आईला अजून माहीत नाही. मयुरीलाही नाही. आधी तुला कळावं, असं मला वाटलं. पाय तुझे आहेत.

तू हे वाचशील तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसलेला असेन. आईला मळ्यात पाठवून दिलं असेल. दार नुसतं लोटलेलं आहे. दोनदा वाच, दहादा वाच. फाडलंस तरी चालेल. पण परत भिंतीकडे तोंड करू नको रे. मला हाक मार. शिवी देऊन मार, आजवर दिली नाहीस ती दे, मी ऐकून घेईन. अंधार पडला तरी मी उठणार नाही.

ओट्यावरच आहे,
आबा